ओढ्यात उतरू नका

माझ्या सासऱ्यांना वारा कळायचा. कुठून आला, कधी फिरणार, त्याच्या पोटात गारा आहेत का नुसतीच धूळ, हे ते अंगणात उभं राहून सांगायचे आणि ते खरं व्हायचं. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. वादळ असो, गारपीट असो, त्यांचा उपाय ठरलेला होता: मेंढरं ओढ्यात घालायची. ओढ्याची दरड उंच, तिच्या आडोशाला वारा लागत नाही. त्या दरडीनं त्यांची आणि त्यांच्या वडलांची मेंढरं कितीदा तरी वाचवली होती आणि अख्ख्या वाडीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं आभाळ फिरलं की आमची वाडी आभाळाकडं बघायची नाही, मामांकडं बघायची. सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूला आत्या. मामांनी काठी उचलली की लेकरंबाळं, शेळ्या-मेंढ्या, सगळी ओढ्याच्या वाटेला.

आणि मला सारखी एकच धास्ती होती, की एक दिवस कंपनीतून गॅस येईल आणि हा माणूस सगळ्या वाडीला घेऊन ओढ्यात उतरेल.

मी नर्स. माहेर शिरूर तालुक्यातलं, निमोण्याजवळच्या एका वस्तीवरचं. आमच्याकडं मेंढरं आजोबांच्याच वेळी सुटली. मागून कांदा आला, झेंडू आला. सासर दौंड तालुक्यात. तिथंही शेती होती, ऊस होता, पण मामांनी थोडी मेंढरं धरून ठेवलेली. "मेंढरू न्हाई दारात तर मी कोन?" म्हणायचे. माझी बदली सासरच्याच गावाच्या उपकेंद्रात झाली तेव्हा घरातल्यांनी पेढे वाटले. मला मात्र घाम फुटला. ज्या गावात सून, त्याच गावात सिस्टर! पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावर सांभाळत इंजेक्शन देणारी जिल्ह्यात मी एकटीच असेन.

ही नव्वदीच्या शेवटाशेवटाची गोष्ट. तोवर आमच्या पलीकडच्या माळावर एमआयडीसी उभी राहिली होती. आधी तिथं मामांच्या मेंढरांचा चारा होता. आता पत्र्याच्या शेड, चिमण्या, टाक्या, आणि कंपाउंडवर काचा. केमिकलच्या कंपन्या. आत काय शिजतं ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. गावातली पोरं कामाला जायची ती पोती उचलायला नाहीतर ड्रम धुवायला. त्यांना विचारलं तर म्हणायची, "पावडर हाय एक." वारा आमच्याकडं फिरला की जिभेवर तांब्याचं नाणं ठेवल्यासारखी चव यायची. बायका पदर नाकाला लावून हसायच्या, "आज काय फोडणी दिलीय गं कंपनीनं?" मीही हसायची. पण कंपाउंडलगतच्या लिंबाचा निम्मा पाला एका बाजूनं करपलेला असायचा. तो बघितला की माझं हसू तिथंच थांबायचं.

अशात दौंडला आम्हा नर्सांचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. रासायनिक अपघात झाला तर दवाखान्यांनी काय करायचं, हा विषय. हॉलमध्ये पंखे, वडे, चहा. पण शिकवायला आलेले पांढऱ्या केसांचे डॉक्टर खरे निघाले. ते म्हणाले, "यातले बरेच गॅस हवेपेक्षा जड असतात. खड्ड्यात, नाल्यात, विहिरीत साचतात. वाऱ्याला आडवं व्हा आणि उंचावर जा. डोळे धुवा, भरपूर पाण्यानं. आणि गॅस लागलेला माणूस ठणठणीत दिसतो म्हणून सोडू नका. त्याला निजवून ठेवा, चालू देऊ नका. फुप्फुसात पाणी मागाहून भरतं."

कंपनीचे सेफ्टीचे साहेब शेजारीच बसले होते. मी उठून विचारलं, "गॅस कुठला, हे आम्हाला कोण सांगणार? त्याशिवाय औषध काय द्यायचं?"

साहेब म्हणाले, "सिस्टर, वेळ आली की कळवू ना."

"वेळ आली की म्हणजे कधी, तेराव्याला?" हे मी मनात म्हणणार होते, ते तोंडातूनच निघून गेलं. हॉल हसला. साहेब हसले नाहीत.

परत आले आणि तालुक्याच्या मागं लागले. माझ्या उपकेंद्रात दोन खोल्या, एक पलंग आणि एक कपाट. मला ऑक्सिजन हवा होता. बऱ्याच हेलपाट्यांनंतर एक सिलिंडर आला, पण तो उघडायची चावी नव्हती. बडा घर पोकळ वासा! पुन्हा भांडले. चावी आली, मास्क नव्हता. मास्क येईपर्यंत पावसाळा गेला. तिथले क्लार्क मला बघून चहाला उठायचे. उठा म्हटलं, मी बसते. असा एकदाचा एक सिलिंडर, एक मास्क, आणि डोळे धुवायला दोन बादल्या, एवढी माझी तयारी झाली.

राहिले मामा.

आमच्यात सुनेनं सासऱ्याशी तोंडोतोंड बोलायचं नाही. म्हणून मला मामांना काही सांगायचं असलं की मी आत्यांना सांगायची आणि मामा समोरच बसून ऐकायचे. तेही आत्यांनाच उत्तर द्यायचे. मध्ये बसून आत्यांच्या मानेला व्यायाम.

"आत्या, मामांना सांगा, गॅस आला तर ओढ्यात उतरू नका. टेकाडावर जा. गॅस जड असतो, तो खाली साचतो."

मामा तंबाखू मळत म्हणाले, "तिला म्हनावं, हवेला वजन आसतं व्हय? तराजू आन म्हनावं."

"आत्या, त्यांना सांगा, धूर वेगळा आणि हा वेगळा."

"तिला म्हनावं, टेकाडावर वारा माराय लागला की मेंढरू हुबं ऱ्हात न्हाई. म्या मेंढरं राखलीत, सुया न्हाई टोचल्या."

बाहेर बसलेली चार माणसं खोखो हसली. देवळाच्या ओट्यावर बायकांची बैठक घेतली तिथंही तेच. सगळ्यांनी मान डोलावली आणि शेवटी एकीनं विचारलं, "पन आप्पा काय म्हनत्यात?" आप्पा म्हणजे मामाच, वाडी त्यांना आप्पा म्हणायची. पालथ्या घड्यावर पाणी. मला इतका राग यायचा, की भाकरी थापताना परातीला भोक पडेल असं वाटायचं.

त्या दिवाळीनंतर एका सकाळी मी ओढ्याच्या कडेनं लसीकरणाला निघाले होते. खाली डबक्याकाठी बेडूक पोट वर करून पडलेले, आणि त्यांच्यात एक बगळा, मान मुडपून. वर बांधावरच्या चिमण्या-साळुंक्या मजेत ओरडत होत्या. वर सगळं जिवंत, खाली सगळं मेलेलं. मी तशीच घरी गेले आणि आत्यांना म्हणाले, मामांना जरा ओढ्यापर्यंत जाऊन बघायला सांगा. मामा गेले. बगळा काठीनं उलटा केला. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "उन्हानं मेलं आसंल." थंडीचे दिवस होते. त्या दिवशी त्यांनी मेंढरं ओढ्यावर पाण्याला नेली नाहीत, हे मी बघितलं. पण वाडीला ते काही बोलले नाहीत.

पुढं संक्रांत झाली. दिवस उगवून नुकता वर येत होता, शाळा भरायची होती. धुकं बांधाबांधाला बसलेलं. मी उपकेंद्राचं कुलूप काढत होते. आमचे हे पहिल्या पाळीला दुसऱ्या एका कंपनीत गेले होते. आणि मला मेंढरांचं खोकणं ऐकू आलं. मेंढरं कधी खोकताना ऐकलीत का? म्हाताऱ्या माणसासारखी खोकतात. एक खोकलं, मग सगळा कळप. कंपनीच्या बाजूचं धुकं पांढरं नव्हतं, पिवळट होतं. सायरन वगैरे काही नाही. नाकात झणका बसला, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तेवढ्यात कामगारांच्या खोल्यांत राहणारी एक बिहारी बाई भिंत धरत आली. आठवा महिना भरत आलेला. "दीदी, साँस नहीं आ रही," एवढंच बोलली आणि पायरीवर बसली. तिला आत घेतलं, डोळ्यांवर पाणी मारलं, मास्क लावला, चावी फिरवली. सिलिंडरचा सूं आवाज आला तेव्हा मला पहिल्यांदा श्वास आला. खिडक्या लावल्या, फटींना ओली चादर कोंबली. मागून धावत आलेल्या तिच्या नवऱ्याला आधी किराणा दुकानातून प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करायला पिटाळलं, तो आल्यावर त्याला तिच्याजवळ बसवलं, आणि बाहेर बघितलं.

वाडी चालली होती. पुढं मेंढरं, मागं काठी घेऊन मामा, आणि त्यांच्या मागं बायका, पोरं, घोंगडीत गुंडाळलेल्या म्हाताऱ्या. ओढ्याकडं.

मी पळाले. पदर बादलीत बुचकळला, नाकाला बांधला आणि पळाले. वाटेत आत्या भेटल्या. चुलीवरचं उतरवून मागून निघालेल्या. त्यांचा हात धरून ओढला. दरडीवर पोचेपर्यंत सगळे खाली उतरलेले. खाली वारा नव्हता, धुकंही पातळ होतं, पोरं खोकायची थांबली होती. बरं वाटत होतं त्यांना तिथं. आणि ओढ्याच्या वरच्या वळणावरून ते पिवळं सावकाश खाली येत होतं. पुराचं पाणी येतं तसं, तळाला धरून. त्यांना ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

"मामा!" मी ओरडले. डोक्यावर पदर नाही, तोंडाला फडकं, आणि सासऱ्याला हाक. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. "मामा, वर या! सगळ्यांना वर घ्या!"

त्यांनी मान वर केली आणि हातानं खूण केली, तूच खाली ये. त्यांना वाटलं, सून घाबरलीय.

आत्या ओरडल्या, "आवं! आवं, वर या की!" नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतं आणि तेव्हाही त्यांना ते आठवलं नसावं. मामांनी त्यांच्याकडंही तीच खूण केली. मी खाली उतरायला निघाले तर आत्यांनी माझं मनगट धरलं.

"तू उतरू नगं. तू सांगून आन् मी सांगून त्ये यायचं न्हाईत. थांब."

आणि त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून मेंढरांना हाळी घातली. घशातून निघून जिभेच्या शेंड्यावर थरथरणारी, लांबलचक. संध्याकाळी मेंढरं वाड्याला आणायची हाळी. मी ती घरात हजारदा ऐकली होती. खालची मेंढरं चमकली. म्होरक्या एडक्यानं तोंड फिरवलं आणि दरडीची पाऊलवाट धरली. एक चढलं की सगळी चढतात. मामा हातवारे करत शिव्या देत राहिले, पण कळप हलला होता, आणि कळप वर गेला तर मेंढका खाली राहत नाही. मामा चढायला लागले. मामा वळले म्हणताच वाडी वळली. पोरं, बायका, म्हाताऱ्या, सगळी माझ्या शेजारून टेकाडाकडं पळाली. कुणी काही विचारलं नाही.

पण चढणीला मेंढका मागं असतो. मागं राहिलेली कोकरं उचलतो. मामा शेवटचे होते आणि त्यांच्या दोन्ही काखांत कोकरं होती. पिवळं त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत, मग मला फक्त मुंडासं दिसलं. आत्या माझं मनगट इतकं आवळून होत्या की नखं रुतली. मग मुंडासं वर आलं, खांदे आले, आणि मामा खोकत खोकत दरडीवर आले. कोकरं खाली ठेवली. पहिलं काय केलं? मेंढरं मोजली. काही कमी भरली, ती खालीच राहिली होती.

टेकाडावर हवा स्वच्छ होती. आता कुठं सायरन वाजला. वरातीमागून घोडं! मी लोकांचे डोळे धूत होते, पोरांच्या छात्या ऐकत होते. केंद्राची जीप आली, डॉक्टर उतरले आणि त्यांनी मला विचारलं, "कुठला गॅस?" मी म्हटलं, "साहेब, कंपनी सांगत नाही." त्यांनीही वाटेत दुकानातून कंपनीत फोन लावला होता, तिथं सांगायला कुणी साहेब जागेवर नव्हता. बिहारी बाईला त्यांनी येतानाच उपकेंद्रातून सिलिंडरसकट जीपमध्ये घेतलं होतं, तिचे ओठ निळे पडत चाललेले. डॉक्टर मामांना म्हणाले, "आबा, तुम्हीपण चला. जागा आहे."

"मला काय धाड भरलीय? पोटुशीला न्या बिगीबिगी."

त्यांना खरंच काही झालेलं दिसत नव्हतं. डोळे लाल, आवाज बसलेला, बाकी ठणठणीत. जीप गेली. मी आत्यांना मध्ये घातलं नाही, सरळ त्यांच्यासमोर उभी राहिले. "मामा, आडवे व्हा. घोंगडी टाकते. आज दिवस मावळेपर्यंत उठायचं नाही. हा गॅस आत जाऊन बसतो."

मामा घोंगडीवर बसले. निजले नाहीत. सुनेसमोर, वाडीसमोर, दिवसाउजेडी मर्दानं आडवं व्हायचं? बसले, तेही काठी धरून ताठ. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता पुटपुटले, "वजन आसतंय गं त्याला." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते गॅसचं म्हणून पुसलं.

ऊन तापलं, धुकं फाटलं. कंपनीची गाडी भोंगा लावून आली. धोका टळला आहे, घाबरू नका, घरी जा. सायरन थांबला. लोक उठले, हसायला लागले, कुणी तर सिस्टर झिंदाबाद केलं. मी दुसऱ्या पोराचे डोळे बघत होते, तेवढ्यात मामा उठले. ओढ्यात काही मेंढरं मरून पडली होती. ती तशी ठेवली तर कुत्री ओढतील. मी मागं पळत गेले, हात जोडले, अक्षरशः भांडले. "तुमच्या पाया पडते, खड्डा दुसरा कुणी खणेल." ते म्हणाले, "माझ्या जनावराला दुसऱ्यानं माती द्यायची?" आणि पहार घेऊन गेले. मला त्यांचा राग अजून येतो. इतकी वर्षं झाली, येतोच.

दुपार कलली तेव्हा ते खड्ड्याच्या कडेला बसलेले सापडले. बोलताना मध्येच थांबत होते. मी छातीला नळी लावली. तव्यावर मीठ टाकलं की तडतडतं, तसा आवाज दोन्ही बाजूंना. ओठांवर फेस, गुलाबी. माझ्याकडं नळी होती, पलंग होता, दोन बादल्या होत्या. सिलिंडर दौंडला गेला होता आणि दुसरा नव्हता. जीप मागवली, ती बिहारी बाईला घेऊन दौंडहून पुढं पुण्याच्या वाटेवर होती. उसाच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, त्यात गादी टाकली, त्यांना उशा लावून बसतं धरलं. मी त्यांना पाठीमागून कवेत धरून बसले होते, सासऱ्याला. आत्या पाय चोळत होत्या. दिवस मावळायला टेकला आणि हमरस्ता दिसायला लागला तेव्हा त्यांनी एकदा आत्यांकडं बघितलं आणि श्वास थांबला.

बिहारी बाई वाचली. तिला मुलगी झाली. गॅसचं नाव आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी कंपन्यांनी आणि सरकारी साहेबांनी मिळून आमच्या वाडीत मॉक ड्रिल घेतलं. मंडप, खुर्च्या, दोन चकचकीत ॲम्ब्युलन्स, चार सिलिंडर. सकाळी सायरन झाला. वाडी शहाण्यासारखी टेकाडावर गेली. पुढं मेंढरं, मागं आत्या. कुणी खोटं खोटं खोकलं, कुणाला स्ट्रेचरवर घातलं. सगळं झकास झालं. मग सायरन थांबला, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मला हार घातला, आणि मंडपात जेवणाची ताटं मांडली गेली. लोक उतरायला लागले.

आत्या घोंगडी टाकून टेकाडावर आडव्या झाल्या होत्या. उठेनात. सेफ्टीचे साहेब स्वतः वर चढून आले आणि म्हणाले, "आजी, चला, जेवून घ्या. झालं सगळं, संपलं."

"आसं कसं संपलं?" आत्या पडल्या पडल्याच म्हणाल्या. "सायरन थांबला तवा आमचं मानूस चालतंय-बोलतंय व्हतं. तुमी गेलात, आन् त्ये दिवस मावळताना गेलं. नाटक करायचं तर पुरतं करा, साहेब. दिवस मावळंस्तवर हितं माझ्याजवळ कोन बसनार, त्ये सांगा."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी हार काढून ठेवला आणि आत्यांची नाडी धरली. जेवणं उरकून गाड्या निघून गेल्या तेव्हा ऊन अजून डोक्यावर होतं.